केबिनमध्ये हवा भरू नका, टाकीला रिंगा घाला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांपूर्वी आपल्या अंकात आमच्या वेंगुर्ले तालुक्यातल्या तीन मुलांची बातमी आली होती. भंगारातल्या टाकीपासून ही मुलं दोन माणसांची छोटी पाणबुडी तयार करताहेत. त्यानंतर वाचकांची दोन पत्रं छापून आली. एकात मुलांचं तोंड भरून कौतुक होतं. दुसऱ्यात २०२३च्या टायटन पाणबुडीच्या दुर्घटनेचा दाखला देऊन हा प्रकार पोलिसांनी ताबडतोब बंद पाडावा अशी मागणी होती. बातमीतल्या एका वाक्याकडे मात्र दोघांचंही लक्ष गेलं नाही. ते वाक्य वाचल्यापासून मला स्वस्थ झोप लागलेली नाही, म्हणून हे पत्र.

ते वाक्य असं होतं: "पत्र्यावर ताण येऊ नये म्हणून केबिनमध्ये अर्धा दाब भरण्याची योजना आहे."

मी डायव्हर नाही. डायव्हर ज्या चेंबरमध्ये राहतात, त्या चेंबरच्या पॅनलवर मी सत्तावीस वर्षं काढली. मुंबई हायला समुद्र साधारण ७५ ते ८० मीटर खोल आहे. तिथे पाइपलाइनवर काम करणारी माणसं रोज वर-खाली करत नाहीत. जहाजावरच्या लोखंडी चेंबरमध्ये समुद्रतळाइतकाच दाब ठेवून त्यांना तीन-तीन, चार-चार आठवडे त्यातच ठेवतात. जेवण, कपडे, औषधं सगळं छोट्या लॉकमधून आत जातं. काम संपलं की त्यांना बाहेरच्या दाबावर आणायला जवळजवळ तीन दिवस लागतात. बाहेरचं जग आणि आतला माणूस यांच्यामध्ये एक पातळ भिंत असते, पण घाईने बाहेर येणं मरणाहून वेगळं नसतं. त्या भिंतीबाहेर बसून आतला प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, ऊब आणि दाब बघत राहणं हे माझं काम होतं. त्यामुळे "अर्धा दाब" हे शब्द वाचून मला काय वाटलं असेल, याची कल्पना यावी.

बातमी आली त्याच रविवारी मी पत्ता काढून मुलांकडे गेलो. घरामागच्या मांगरात काम चाललं होतं. ही मुलं उडाणटप्पू नाहीत हे आधी सांगतो. एक आयटीआयचा वेल्डर आहे, एक डिप्लोमा करतोय आणि तिसऱ्याच्या घरची होडी आहे. वेल्डिंग बघितलं, हात चांगला आहे. टाकी म्हणजे एका कारखान्यातला जुना एअर रिसीव्हर, कॉम्प्रेसरची हवा साठवायची टाकी. व्यास १२०० मिलिमीटर, लांबी तीन मीटर, पत्रा ६ मिलिमीटरचा. अंगावरच्या पितळी पट्टीवर १० किलोच्या चाचणीचा ठोकलेला आकडा अजून वाचता येतो. मुलांचा हिशेब त्या आकड्यावरच उभा होता. समुद्रात दर १० मीटरला साधारण एक बार, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो, दाब वाढतो. टाकी दहा किलो सोसते, म्हणजे १०० मीटरपर्यंत चिंता नाही. तरीही अधिक सुरक्षित असावं म्हणून आत एक बार हवा भरायची (बातमीतला "अर्धा दाब" तो हाच), म्हणजे बाहेरचा भार तेवढा हलका.

थोरल्याने मला विचारलंसुद्धा, "काका, आत दाब भरलो तर पत्र्यार भार कमी येतलो मा?"

म्हटलं, येतलो. वजाबाकी चोख आहे तुझी. ३० मीटरवर बाहेरून तीन बार, आतून एक, पत्र्यावर उरले दोन. कल्पना अडाणी मुळीच नाही. अमेरिकेत सायमन लेक नावाच्या माणसाने १८९४ मध्ये पाइनच्या फळ्यांची छोटी पाणबुडी बांधली, तिचं नाव अर्गोनॉट ज्युनिअर. सोडावॉटरच्या टाकीत हवा भरून नेली, तळाशी गेल्यावर आतला दाब बाहेरच्या पाण्याइतका केला आणि तळाचं झाकण उघडलं. पाणी आत आलं नाही. दाब दोन्ही बाजूंनी सारखा केला तर लाकडाची पेटीही पुरते, हे त्याने करून दाखवलं. पण लेकने दाब पुरता सारखा केला होता. अर्धा नाही. आमची डायव्हिंग बेल, म्हणजे डायव्हरना चेंबरमधून तळाशी नेणारी छोटी खोली, तीही त्याच तत्त्वावर चालते.

अर्ध्या दाबाची गाठ बसते ती वर येताना.

ही गोष्ट मी मुलांना मांगरातल्या जमिनीवर कोळशाने आकृती काढून समजावली. इथेही थोडं सविस्तर लिहितो, कारण असा विचार करणारी ही तीनच मुलं असतील असं मला वाटत नाही. समजा पाणबुडी २५ मीटरवर आहे. केबिनमध्ये नेहमीच्या हवेपेक्षा एक बार जास्त भरलेला आहे, बाहेर अडीच बार जास्त. काही बिघडलं, तळाचं वजन सोडून दिलं, पाणबुडी बुचासारखी वर निघाली. आतली जास्तीची हवा आता सोडायला हवी. पण १० मीटरच्या खाली असेपर्यंत ती सोडताच येत नाही. तिथे बाहेरचा दाब आतल्यापेक्षा जास्त असतो. व्हॉल्व्ह उघडला तर हवा बाहेर जायच्या ऐवजी पाणी आत येईल. म्हणजे हवा सोडायची ती शेवटच्या १० मीटरमध्ये, आणि सुटलेली पाणबुडी ते १० मीटर पंधरा-वीस सेकंदांत कापते. मुलांनी लावलेला व्हॉल्व्ह अर्धा इंची आहे. केबिनमधली तीन घनमीटर जास्तीची हवा त्यातून निघून जायला दोन-तीन मिनिटं सहज लागतील.

म्हणजे पाणबुडी वर आली, ऊन दिसलं, किनाऱ्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या, त्या क्षणी आत एक बार दाब शिल्लक आहे. झाकण ६० सेंटिमीटरचं आहे. त्याला आतून लागणारा जोर २,८०० किलोच्या वर जातो, म्हणजे भरलेल्या पिकअप गाडीचं वजन. झाकण बाहेरून बसवलेलं आहे, खाली रबराची रिंग, वर चार विंग नट. समुद्र त्या झाकणाला सीटवर दाबून ठेवतो म्हणून खाली ते नट ढिले असले तरी चालतं. वर आल्यावर मात्र सगळा भार त्या चार नटांवर. खिडक्यांचंही तेच. ॲक्रिलिकची ३० सेंटिमीटरची चकती बाहेरून सीटवर टेकवलेली आणि सहा बारीक बोल्टांच्या पट्टीने धरलेली. तिला आतून सातशे किलोचा धक्का बसणार. बाहेरचा दाब सोसायला केलेली खिडकी आतला दाब सोसेलच असं नाही. ही दोन वेगळी कामं आहेत आणि मुलांनी डिझाइन एकाच कामाचं केलं होतं.

त्यातच किनाऱ्यावरचा एखादा भाबडा मित्र मदत म्हणून बाहेरून नट फिरवू लागला तर?

माझ्या उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. १९८६ साली एका जहाजावर मी मेडिकल लॉकमधून जेवणाचे डबे बाहेर काढत होतो. हा लॉक म्हणजे चेंबरच्या भिंतीतली ३० सेंटिमीटरची नळी, आत एक दार, बाहेर एक दार. आतलं दार बंद करून नळीतला दाब सोडायचा, गेज शून्यावर आला की बाहेरचा क्लॅम्प उघडायचा. काटा शून्यावर टेकलेला मी माझ्या डोळ्यांनी बघितला. पण काटा अडकला होता. नळीत बारचा जेमतेम दहावा भाग शिल्लक होता. तेवढ्या व्यासाच्या दाराला तेवढा दाब म्हणजे सत्तर किलोचा धक्का. क्लॅम्प सुटला तसं दार उसळलं आणि माझी बोटं दार आणि चौकटीच्या लोखंडामध्ये सापडली. पुढची तेवीस वर्षं मी गेजवर विश्वास ठेवून एकही दार उघडलं नाही. आधी ब्लीड कॉक उघडायचा, त्याच्या तोंडाशी तळहात धरायचा, फुंकर लागते का बघायचं आणि मगच क्लॅम्पला हात लावायचा. मुलांना माझी बोटं दाखवली. धाकटा बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला.

तो होता बारचा दहावा भाग. ५ नोव्हेंबर १९८३ रोजी उत्तर समुद्रातल्या बायफर्ड डॉल्फिन या रिगवर ९ ॲटमॉस्फिअर (साधारण ९ बार) दाब होता. चेंबरचं आतलं दार पुरतं लागण्याआधीच बेलचा क्लॅम्प सुटला. चार डायव्हर आणि बाहेरचा एक मदतनीस जागच्या जागी गेले. तीन वर्षांनी माझी बोटं सापडली, तेव्हाही आमच्या जहाजावर त्या घटनेचं नाव कोणी मोठ्याने घेत नसे.

आता शरीराचं. एक बार जास्त दाबात दीड-दोन तास बसण्याने रक्तात जो नायट्रोजन मुरतो आणि दाब एकदम उतरला की बुडबुडे होऊन त्रास देतो, त्याचा बाऊ मी करणार नाही. अमेरिकन नौदलाच्या तक्त्याप्रमाणे ३५ फुटांवर (एक बारला हीच ओळ लागते) हवेवर २३२ मिनिटांपर्यंत वर येताना थांबावं लागत नाही. पण मुलं पुढे असंही म्हणाली की एक बार जमला तर दोन भरू, म्हणजे आणखी खाली जाता येईल. दोन बार म्हणजे त्याच तक्त्यातली ७० फुटांची ओळ, आणि तिथे मर्यादा एकदम ४८ मिनिटांवर येते. शिवाय बेत आहे पर्यटकांना फिरवण्याचा. पर्यटक एकदा बसेल आणि घरी जाईल, चालवणारा दिवसातून पाच वेळा खाली जाईल. प्रत्येक फेरीचा नायट्रोजन आधीच्या फेरीत मिळत जातो. सांधे धरले, पाय बधिर झाले, तर जवळचं चेंबर किती तासांच्या रस्त्यावर आहे? हे आधी विचारून ठेवलंय का, असं मी विचारलं. तिघं एकमेकांकडे बघू लागले.

खरा धाक फुप्फुसांचा. भीतीने माणूस श्वास रोखून धरतो, हा स्वभाव आहे. छाती भरून घेतलेला श्वास कोंडून धरला तर मीटर-सव्वा मीटर वर येण्यानेही फुप्फुस फाटू शकतं. झाकण किंवा खिडकी सुटली तर केबिनमधला माणूस १० मीटरचा प्रवास एका क्षणात करतो. केबिनमध्ये बसलेल्या माणसाला आपण डायव्हर झालोय हे माहीतच नसतं, कारण त्याचे कपडे कोरडे असतात. मी याला फार मोठी फसवणूक मानतो. पर्यटकाला तर कोणी सांगितलेलंही नसेल.

दाब भरताना हवा तापते आणि सोडताना एकदम गार पडते, हे चेंबरवाल्यांना सवयीचं असतं. सोडताना आत धुकं दाटतं. समोरच्या माणसाचा चेहरा दिसेनासा होतो, काचेवर थेंब जमतात. नेमकं पृष्ठभागावर येताना, जेव्हा चालवणाऱ्याला होड्या दिसायला हव्यात, तेव्हा त्याच्या पाणबुडीत पांढरं धुकं असेल.

गेजची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खोली मोजायला मुलांनी टाकीला भोक पाडून तांब्याची नळी आत घेतली आहे आणि तिला साधा काट्याचा गेज जोडला आहे. गेजच्या नळीत समुद्राचा दाब, गेजच्या अंगाभोवती केबिनची हवा. काटा दाखवतो तो या दोहोंतला फरक. केबिनमध्ये एक बार भरला की ३० मीटरवर गेलेली पाणबुडी गेजवर २० मीटर दाखवणार. चालवणारा म्हणेल अजून बराच वाव आहे. आणि समजा आतल्या सिलिंडरचा वॉशर गळतोय, केबिनचा दाब हळूहळू चढतोय, तर एका जागी स्थिर असलेली पाणबुडी गेजवर वर-वर येताना दिसेल. मी हे बोलल्यावर डिप्लोमावाल्या मुलाने कागद ओढून स्वतः आकडेमोड केली, दोनदा केली आणि कपाळाला हात लावला. या पोरांकडून मला आशा वाटते ती अशा क्षणांमुळे. चूक दाखवली की ती वाद घालत नाहीत, पेन्सिल उचलतात.

हवेबद्दल त्यांचा आणखी एक गैरसमज होता. जास्त हवा भरली म्हणजे श्वासाला जास्त वेळ पुरेल, असा. प्राणवायूपुरतं ते खरं आहे. पण माणूस आधी गुदमरतो तो प्राणवायू संपल्याने नव्हे, स्वतःच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने. स्वस्थ बसलेला माणूस तासाला वीस-पंचवीस लिटर सोडतो. दोन माणसं, तीन घनमीटर केबिन: तासाभरात दीड टक्का, दोन तासांत तीन. तीन टक्क्यांना धाप लागते, डोकं ठणकतं, निर्णय चुकू लागतात. दाब दुप्पट केला तर कागदावर टक्केवारी निम्मी होते, पण शरीराला फरक पडत नाही, कारण त्या वायूचा स्वतःचा दाब तेवढाच राहतो. आम्ही चेंबरमधला नमुना बाहेर काढून तपासायचो आणि आलेल्या आकड्याला आतल्या दाबाने गुणायचो. पहिल्या वर्षी नवख्याला हाच गुणाकार घोकून घोकून शिकवला जायचा.

१७ जून १९७३ रोजी फ्लोरिडातल्या की वेस्टजवळ जॉन्सन सी लिंक ही छोटी पाणबुडी बुडवलेल्या एका जुन्या युद्धनौकेच्या तारांत अडकली. खोली सुमारे ११० मीटर. पुढच्या ॲक्रिलिकच्या गोळ्यात दोघं होते, मागच्या ॲल्युमिनियमच्या डायव्हर-खोलीत दोघं. ॲल्युमिनियममधून थंडी आत शिरली, कार्बन डायऑक्साइड शोषणारी भुकटी थंडीने काम करेनाशी झाली. तीस तासांहून जास्त वेळाने पाणबुडी वर काढली तेव्हा पुढचे दोघं जिवंत होते, मागचे दोघं नव्हते. त्यातला एक मुलगा पाणबुडीचा संकल्पक एडविन लिंक यांचाच होता. त्या पाणबुडीच्या मागे पैसा होता, नौदलाची जहाजं मदतीला धावली होती. आमच्या समुद्रात तारा नसतील, पण तुटून वाहून गेलेली नायलॉनची जाळी खडपांना जागोजाग अडकून असतात. निवतीच्या खडकांकडे जाणाऱ्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. पावसाळ्यानंतर पाणी निवळायला नोव्हेंबर उजाडतो, आणि तेव्हाही जाळं दिसतं ते अगदी नाकाशी आल्यावर. मुलांच्या टाकीला बाहेरून हँडल, बॅटरीच्या पेट्या, पंख्याच्या जाळ्या असं सगळं चिकटवलेलं आहे. जाळं अडकायला याहून सोयीची वस्तू नाही.

हे सगळं ऐकून मुलं हिरमुसली. पण मी गेलो होतो ते त्यांचं काम मोडायला नव्हे. अर्ध्या दाबाची गरजच का पडली, हे मला शोधायचं होतं. उत्तर मिळालं: पत्रा पातळ आहे असं त्यांना मनातून वाटत होतं आणि जाड पत्रा घेतला तर पाणबुडी जड होईल अशी भीती होती.

पातळ आहे ही शंका बरोबर होती. आतून दहा किलो सोसणारी टाकी बाहेरून दहा किलो सोसत नाही. आतला दाब पत्र्याला ताणून आणखी गोल करतो, बाहेरचा दाब जिथे थोडा पोचा असेल तिथेच आणखी दाबतो. शाळेत मास्तर तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी उकळून, झाकण घट्ट लावून वर गार पाणी ओतायचे आणि डबा चेपून जायचा, तो प्रयोग आठवा. गोदीतल्या माझ्या एका जुन्या सोबत्याला मापं कळवली. त्याने हिशेब करून दिला: ६ मिलिमीटर पत्रा, १२०० व्यास, तीन मीटर मोकळी लांबी, तर टाकी साडेतीन बारच्या आसपास आत बसेल. म्हणजे ३५ मीटर, तेही टाकी अगदी गोल असेल तर. मी टेप लावला. एका बाजूने १२००, आडवी धरली तर ११८७. क्रेनच्या साखळीचा एक पोचाही आहे. शिवाय झाकणासाठी आणि खिडक्यांसाठी भोकं पाडली, त्या दिवसापासून पितळी पट्टीवरच्या दहा किलोला काही अर्थ उरलेला नाही.

पण वजनाची भीती चूक होती, आणि ही गोष्ट मुलांना मनापासून आवडली. एवढी टाकी समुद्रात साधारण साडेतीन टन पाणी बाजूला सारते. रिकाम्या टाकीचं वजन साडेसहाशे-सातशे किलो. म्हणजे ती बुडावी म्हणून माणसं, बॅटऱ्या, शिसं, काँक्रीट मिळून अडीच टनांच्या वर वजन त्यात घालावंच लागणार. छोट्या पाणबुडीत लोखंड हा शत्रू नाही. जे वजन काँक्रीट म्हणून घालणार, तेच लोखंड म्हणून पत्र्याला बळ देत घाला. आतून दर ३० सेंटिमीटरवर ५० बाय १० च्या पट्टीची रिंग, अशा नऊ रिंगा. सगळ्या मिळून सव्वाशे-दीडशे किलो. डिझेलच्या बॅरलला मधोमध दोन फुगीर वळ्या असतात त्या याचसाठी. त्याच सोबत्याच्या हिशेबाने रिंगा लागल्या की पत्रा मुडपण्याची मर्यादा दहापटीने वर जाते. मग आधी पत्र्याच्या ताकदीची मर्यादा येईल, ती कागदावर २५ बारच्या आसपास. टाकी गोल नाही, जुनी आहे, भोकं पडली आहेत, म्हणून त्यातलं बरंच सोडून द्या. तरी २० मीटरसाठी भरपूर उरतं आणि केबिनमध्ये हवेचा एक फुगाही जास्त भरावा लागत नाही.

आपल्याच देशाचं मत्स्य-६००० बघा. चेन्नईची राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्था ते तीन माणसांना ६,००० मीटरवर नेण्यासाठी तयार करते आहे. तिथे बाहेर सहाशे बार दाब असेल. माणसांचा गोळा २.१ मीटर व्यासाचा, ८० मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियम मिश्रधातूचा. आत मात्र दाब आपल्या ओसरीवर असतो तेवढाच. अमेरिकेतले निवृत्त नौदल कॅप्टन जॉर्ज किट्रेज यांनी के-२५० नावाची एका माणसाची पाणबुडी केली. ती लोखंडी, लहान आणि २५० फूट खोल जाणारी. तिच्यातही माणूस जमिनीवरचीच हवा घेतो. केबिनमध्ये साधा बॅरोमीटर टांगायचा. तो चढला तर सिलिंडर गळतोय, उतरला तर प्राणवायू कमी सोडला जातोय, एवढं त्या एका काट्यावरून कळतं. असा एक बॅरोमीटर माझ्याकडे आहे, मुलांना दिला.

ज्या वाचकांना पोलीस बोलवावेसे वाटतात त्यांना माझी विनंती आहे. बंदी घातली तर ही मुलं रात्री, कोणाला न सांगता, खाडीत टाकी उतरवतील. वीस-बावीस वर्षांच्या वयात मीही तेच केलं असतं. त्यांना बंदी नको, चाचणी हवी. माणूस आत न बसवता टाकी बंद करून, वजन लावून, जाड दोरीने जायच्या खोलीपेक्षा सव्वापट खाली सोडायची, तासभर ठेवायची आणि वर काढून आत किती पाणी आलं, गोलाई किती बदलली ते मोजायचं. त्यासाठी २५ मीटर पाणी लागतं आणि ते आमच्याकडे किनाऱ्याजवळ मिळत नाही. क्रेन असलेली एक बोट आणि एक दिवस लागेल. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी, मेरिटाइम बोर्डाने, गोदीतून निवृत्त होऊन गावाकडे आलेल्या फिटर-वेल्डरांनी यात हात घालावा. या जिल्ह्यात गोदीत, जहाजांवर आणि ऑफशोअरला आयुष्य काढलेली माणसं घरोघरी आहेत. मुलांना मात्र त्यातलं एकही दार ठोठावावंसं वाटलं नाही, कारण त्यांना वाटलं आपण हसण्यावारी जाऊ.

तोपर्यंत प्रवासी बसवायचा नाही, हे मी त्यांच्याकडून वदवून घेतलंय. दोन बारचा विषय संपला. एक बारचाही संपला. अर्धा इंची व्हॉल्व्ह काढून ठेवलाय. झाकणाला आतूनही उघडता येईल असा चाप बसवायचं ठरलं आहे, आणि बाहेरच्या सगळ्या पेट्यांवरून एक गुळगुळीत कवच येणार आहे. पट्ट्या वाकवायला रोलिंग मशीन कुडाळात मिळेल असं वेल्डर म्हणाला. पहिली रिंग पोच्याच्या जागी बसवायची, तिथे आधी जॅक लावून गोलाई काढायची.

टाकी रिकामी बुडवायच्या दिवशी मला फोन करा असं सांगून आलोय. दोरी धरायला मी असणार आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त चेंबर ऑपरेटर
वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग